कैरोतला चौक तहरीर, तहरीक नव्हे

प्रश्न असा आला आहे: '२०११ साली इजिप्तमध्ये जे झालं त्याला मराठीत "फेसबुक क्रांती" म्हणावं की "फेसबुक उठाव"? आणि कैरोतल्या त्या चौकाचं नाव तहरीर की तहरीक?'

दुसऱ्या भागापासून सुरू करतो, कारण डोकं तिथंच फिरतं. तहरीर. शेवटी र. परवाच सोशल मीडिया आणि राजकारण या विषयावर तासभर बोललेल्या एका वक्त्यांनी सहा वेळा 'तहरीक चौक' म्हटलं. मी मोजलं. पाकिस्तानात इम्रान खानांच्या पक्षाच्या नावात आहे ते तहरीक, कैरोत आहे ते तहरीर. दोन्हीकडे लोक रस्त्यावर उतरतात म्हणून शब्द एक होत नाही.

तहरीकचं मूळ ह-र-क, म्हणजे हलणं. आपली 'हरकत' त्याच घरातली. अरबीत तिचा अर्थ हालचाल, हिंदीत गेली तर चाळे, आणि मराठीत आली ती थेट आक्षेप होऊन! महापालिका 'हरकती व सूचना' मागवते तेव्हा अरबाला वाटावं, कवायतीचं आमंत्रण आहे. हा पालट कुठं झाला? माझ्या मते कचेरीत. कागद निजला आहे तोवर सगळं सुरळीत असतं, त्यात कुणी हालचाल केली की अडलंच. सातबाऱ्यावर फेरफार घालायला गेलेल्या आणि शेजाऱ्यानं हरकत घेतल्यावर तलाठ्याच्या दारात बसून राहिलेल्या माणसाला याचा निराळा पुरावा लागणार नाही. एक व्युत्पत्तिप्रेमी गुरुजी मात्र 'हरकत' संस्कृत 'हृ' धातूवरून, हरण करणं यावरून आणतात. असेल. मग 'बरकत' बहुधा बरगडीवरून आली असावी.

आता तहरीर. मूळ ह-र-र. 'हुर्र' म्हणजे जो गुलाम नाही तो. काश्मीरच्या बातम्यांत ऐकू येणारी हुर्रियत याच घरची. तहरीर म्हणजे मुक्त करणं. इजिप्तचा जुना राज्यकर्ता खेदिव इस्माईल याच्या नावानं ओळखला जाणारा कैरोतला चौक १९५२ च्या राज्यक्रांतीनंतर मुक्तीचा झाला. इथवर सगळेच सांगतात आणि थांबतात, आणि मला राग येतो तो याचाच. कारण तहरीरचा दुसरा अर्थ आहे लिहिणं, मजकूर तयार करणं, संपादन! अरबी वर्तमानपत्राचा मुख्य संपादक म्हणजे 'रईस अत्-तहरीर'. उत्तरेत पोलीस ठाण्यात दिलेली लेखी तक्रार ही 'तहरीर'च. तेराव्या शतकात नसिरुद्दीन तूसी या इराणी गणितज्ञानं युक्लिडच्या भूमितीची नीट घडवलेली आवृत्ती केली, तिच्याही नावात तहरीर आहे, आणि पुढं जयपूरच्या सवाई जयसिंगासाठी सम्राट जगन्नाथ या पंडितांनी तीच संस्कृतात आणली. एकाच शब्दात मुक्ती आणि लेखन कसं? मजकुराला चुकांच्या तावडीतून सोडवायचं, म्हणून. मुद्रितं तपासणाऱ्या कुणालाही हे सांगा, गहिवरून येईल.

म्हणजे २०११ साली लोक ज्या चौकात ठाण मांडून बसले, त्याचं नाव एकाच दमात 'मुक्ती'ही होतं आणि 'संपादन'ही. समाजमाध्यमांच्या कंपन्यांशी जगाचं जे भांडण चाललं आहे ते या दुसऱ्या अर्थावरच. कंपन्या म्हणतात, आम्ही नुसता फळा लावतो, लिहिणारे तुम्ही. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याचं कलम २३० त्यांच्या पाठीशी आहे: दुसऱ्यानं लिहिलेल्या मजकुराचे प्रकाशक तुम्हाला धरणार नाही.

बरं, मग हे पाहा. जून २०१० मध्ये अलेक्झांड्रियात खालिद सईद हा तरुण पोलिसांच्या मारहाणीत मेला. वाइल घोनीम या गूगलच्या नोकरानं नाव लपवून फेसबुकवर 'आम्ही सगळे खालिद सईद' हे पान उघडलं. नोव्हेंबरमध्ये, तिथल्या निवडणुकीच्या तोंडावर, फेसबुकनं ते पान उतरवलं. कारण काय, तर चालवणाऱ्याचं खातं टोपणनावानं आहे आणि नियम खऱ्या नावाचा आहे. खरं नाव लावायचं म्हणजे इजिप्तच्या पोलिसांच्या हाती आयता माणूस द्यायचा. अखेर परदेशात राहणाऱ्या एका बाईंनी स्वतःच्या नावावर पान घेतलं, तेव्हा ते परत दिसू लागलं. दोन महिन्यांनी, २५ जानेवारीला रस्त्यावर उतरा, ही हाक त्याच पानावरून गेली. ही तहरीर नाही तर काय आहे? आणि इराणात जून २००९ मध्ये निदर्शनं चालू असताना ट्विटरनं आपलं ठरलेलं देखभालीचं काम पुढं ढकललं, तेही अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं तशी विनंती केल्यावर. फळा कधी पुसायचा यात परराष्ट्र खातं तोंड घालतं, तरी म्हणे नुसता फळा!

पण म्हणून 'फेसबुकनं मुबारक घालवला', म्हणजे इजिप्तचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष घालवले, असं लिहिणाऱ्या पंडितांशीही माझं जमत नाही. २७ जानेवारीच्या मध्यरात्रीच्या सुमारास सरकारनं देशाचं इंटरनेट जवळजवळ सगळं तोडलं. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. नमाज सुटली आणि मशिदींतून जी माणसं बाहेर पडली, ती आधीच्या तिन्ही दिवसांपेक्षा जास्त होती. फेसबुक बंद, गर्दी दुप्पट जोमात. मुबारक गेले ११ फेब्रुवारीला. दवंडी पिटणाऱ्याचं नाव आपण लढाईला देत नाही.

हां, क्रांती की उठाव ते राहिलंच. 'क्रांती' क्रम् धातूवरून, ओलांडणं. संक्रांत, आक्रमण ही भावंडं. ज्योतिषात मात्र क्रांतिवृत्त म्हणजे सूर्याचा आकाशातला रस्ता, ज्यावरून तो वर्षानं हिंडून निघाला तिथंच परत येतो. इजिप्तमध्ये जुलै २०१३ मध्ये लष्कर परत सत्तेवर आलं, तेव्हा ज्योतिषातला अर्थ धरून खुशाल क्रांती म्हणा. एरवी 'इजिप्तचा उठाव' पुरे. 'फेसबुक उठाव' मात्र नको. बाजारात 'मालाला उठाव आहे' म्हणतात, वाचणाऱ्याला वाटेल कंपनीचे शेअर वधारले.