टेबलावरची डबी, वेळेचं संगीत

प्रश्न : मी घरूनच काम करते. सहाला उठणं, दहाला काम, दीडला जेवण, सातला आवराआवर, अशा वेळांना साजेसं संगीत आपोआप लावणारी डबी टेबलावर हवी आहे. मोबाइल नको, हातात घेतला की अर्धा तास जातो. काय काय लागेल?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : मोबाइल बाजूला ठेवताय हे फार बरं. ईएसपी३२ बोर्ड (प्रोग्राम चालवणारा छोटा संगणक), डीएफप्लेअर मिनी (कार्डावरची गाणी वाजवणारा प्लेअर), डीएस३२३१ घड्याळाचं मॉड्यूल, ८ ओहमचा ३ वॉटचा स्पीकर, ३२ जीबीपर्यंतचं मायक्रोएसडी कार्ड, १ किलोओहमचा रेझिस्टर, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ५ व्होल्ट २ अँपिअरचा चार्जर एवढं घ्या.

घड्याळाच्या एसडीए आणि एससीएल पिना बोर्डाच्या २१ आणि २२ ला जोडा. बोर्डाची १७ नंबरची पिन रेझिस्टरमधून प्लेअरच्या आरएक्स पिनला न्या. रेझिस्टर गाळला तर स्पीकरमध्ये बारीक घरघर येत राहते. प्लेअरला ५ व्होल्ट द्या, घड्याळाला मात्र ३.३ च. बाजारातल्या बहुतेक निळ्या मॉड्यूलवर सेल चार्ज करणारं सर्किट असतं. ५ व्होल्ट दिले की ते मॉड्यूलमधल्या साध्या सीआर२०३२ बटन सेललाही चार्ज करू लागतं. तो सेल चार्ज करायचा नसतोच, फुगतो, गळतो. स्पीकरच्या दोन्ही वायरी प्लेअरच्या स्पीकर पिनांनाच लावा, एकही ग्राउंडला नको. बाकी सगळ्यांचं ग्राउंड एकत्र.

आता संगीत, खरी मेहनत इथे आहे. कामाच्या तासांना बोल नसलेलं वाजवा : बासरी, सतार, सरोद. डोक्यात वाक्य जुळवत असताना कानावर दुसरे शब्द पडले की दोन्ही विस्कटतात. दुपारी वृंदावनी सारंग, मग भीमपलासी. जेवणाच्या सुट्टीला मात्र गाणं हवं, तेही छोटं. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरची ध्वनिमुद्रणं साधारण तीन-साडेतीन मिनिटांची असतात. १९२१ साली नाशिकमध्येच जन्मलेल्या गायक द. वि. पलुस्करांची तशी ध्वनिमुद्रणं इथे चपखल बसतील.

सकाळ-संध्याकाळच्या वेळा कायमच्या ठरवून टाकू नका. भैरव आणि मारवा हे संधिप्रकाशाचे राग. नाशिकला जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सातनंतर. मावळतो डिसेंबरात सहाच्या आसपास, जुलैत सव्वासातला. सातचा मारवा जुलैत शोभेल, डिसेंबरात तेव्हा यमनची वेळ झालेली असते. प्रोग्राममध्ये बारा महिन्यांचा तक्ता घाला, महिना घड्याळ सांगेलच.

आवाजाच्या ३० पायऱ्या असतात. कामाला आठ-दहा पुरे. एकपासून सुरू करून दर दोन सेकंदांनी एक पायरी चढवा, दचकायला होणार नाही.

प्रश्न : डबी तयार आहे, पण तिसरं गाणं मागितलं की भलतंच लागतं. आवाज वाढवला की बोर्ड बंद होऊन परत सुरू होतो. शिवाय वेळ अर्धा तास मागे दाखवतो.
– विद्यार्थी, कॉलेज रोड

उत्तर : साध्या ‘प्ले’ कमांडला फाइलचं नाव कळत नाही, कार्डावर ज्या क्रमाने फाइली उतरल्या तोच क्रम ती धरते. कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, ०१, ०२ अशा फोल्डरांत ००१, ००२ अशा नावांनी फाइली ठेवा (आकडे इंग्रजीच हवेत) आणि ‘प्लेफोल्डर’ ही कमांड वापरा.

ठेका जोरात पडला की प्लेअर एकदम जास्त करंट ओढतो, ५ व्होल्ट खाली येतात आणि बोर्ड रीसेट होतो. कपॅसिटर प्लेअरच्या पिनांना अगदी चिकटून लावा, पट्टा असलेलं टोक ग्राउंडला. चार्जरची वायर आखूड आणि जाड घ्या.

अर्ध्या तासाचं कारण सोपं आहे. इंटरनेटवरून मिळणाऱ्या जागतिक वेळेत (यूटीसी) तुम्ही ५ तासांचे १८००० सेकंद मिळवले असणार. आपल्याला साडेपाच तास, म्हणजे १९८०० हवेत.

प्रश्न : अंबडला कारखान्यात पाळी दर आठवड्याला बदलते. वेळापत्रक दर वेळी नव्याने भरायचं का?
– एक कामगार वाचक, सिडको

उत्तर : नाही. वेळा घड्याळाच्या न लिहिता उठल्यापासूनच्या लिहा : उठणं शून्य, चहा २० मिनिटं, निघणं ७० मिनिटं. पहिली, दुसरी आणि रात्रपाळी अशी तीन ठिकाणं असलेला फिरता स्विच बसवा. प्रत्येक ठिकाणाला उठण्याची एकच वेळ. रात्रपाळीहून आल्यावर झोपेच्या तासांत डबी पूर्ण गप्प राहील असं प्रोग्राममध्ये पक्कं करा. आणि राग मात्र खिडकीबाहेरच्या उजेडाप्रमाणेच ठेवा. दुपारी दोनला उठलात तरी भैरव नको, सारंगच लावा.