तिसरी कंपासपेटी

प्रश्न : ताई, माझी मुलगी दहा वर्षांची, पाचवीत आहे. दंगा अजिबात नाही, उलट गप्पच असते. पण वर्गात खिडकीबाहेर बघत बसते, फळ्यावरचं अर्धंच उतरवते, जूनपासून तीन कंपासपेट्या हरवल्या. डॉक्टरांनी तपासून ‘एडीडी’ म्हणजे लक्ष न टिकण्याचा विकार सांगितलं. सासूबाई म्हणतात, आळशी आहे, दुसरं काही नाही. हे म्हणतात, मीही असाच होतो, होईल नीट. समजून घ्यायला कुठली पुस्तकं वाचू? इंग्रजी सावकाश वाचता येतं.
– एक आई, कऱ्हाड

उत्तर : तीनच कंपासपेट्या? आमच्याकडे हिशेब रेनकोटांचा होता. लेक दुसरीत असताना एका पावसाळ्यात चार गेले, त्यातला एक तर अंगावर घालून निघाला होता.

आधी नावाचा घोळ मिटवू. डॉक्टर ‘एडीडी’ म्हणाले, पुस्तकांवर ‘एडीएचडी’ दिसेल. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात १९८० साली एडीडी हे नाव आलं, १९८७ साली त्यात अतिचंचलतेचा (हायपरॲक्टिव्हिटीचा) ‘एच’ घुसला. आता उड्या न मारणारी, नुसती हरवलेली मुलंही त्याच नावाखाली येतात. तेव्हा ‘एच’ बघून पुस्तक परत ठेवू नका.

तुमच्यासाठी पहिलं पुस्तक ‘अंडरस्टँडिंग गर्ल्स विथ एडीएचडी’. कॅथलीन नादो, एलेन लिटमन आणि पॅट्रिशिया क्विन या तिघींनी लिहिलेलं. १९९९चं आहे; २०१५ची दुसरी आवृत्ती मिळाली तर तीच घ्या. गप्प मुली कुणाला त्रास देत नाहीत, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाहीत, हे त्यात नीट उलगडलंय. प्रकरणं वयाप्रमाणे आहेत. प्राथमिक शाळेचं आधी वाचा, बाकीचं ती मोठी होईल तसं.

दुसरं रसेल बार्कली यांचं ‘टेकिंग चार्ज ऑफ एडीएचडी’. हे १९९५चं, चौथी आवृत्ती २०२०ची. जाडजूड आहे आणि अधूनमधून प्राध्यापकी होतं, पण माझं घर याच पुस्तकानं सावरलं. बार्कली म्हणतात, या मुलांना काय करायचं ते माहीत असतं, ऐन वेळी ते हातून घडत नाही. मी रोज रात्री लेकाला समजावत बसायची आणि तो रोज मान डोलवायचा. समजलेलं होतंच की त्याला! मग मी व्याख्यानं बंद केली आणि दाराच्या आतल्या बाजूला, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, चार चित्रं चिकटवली : डबा, पाणी, वही, रेनकोट. आठवण हवी ती दारात, आदल्या रात्रीच्या जेवणात नव्हे. त्यांचा आणखी एक ठोकताळा : स्वतःला आवरण्याच्या बाबतीत ही मुलं वयापेक्षा सुमारे ३० टक्के मागे असतात. म्हणजे तुमच्या दहा वर्षांच्या मुलीला दप्तर भरताना सात वर्षांची समजा. गणितात किंवा गोष्टींत नाही हं, तिथे ती दहाचीच.

शाळेच्या बैठका, कायदे, विमा यांची प्रकरणं अमेरिकेची आहेत, ती सरळ ओलांडा. औषधाचं प्रकरण मात्र वाचा आणि प्रश्न लिहून डॉक्टरांकडे न्या. औषध द्यायचं की नाही हे पुस्तकावरून ठरवायचं नसतं. आणि साखर बंद करा, पोर बरं होईल असं सांगणारं पुस्तक हातात आलं तर तिथेच ठेवून या.

पेग डॉसन आणि रिचर्ड गुएर यांचं ‘स्मार्ट बट स्कॅटर्ड’ नंतर कधीतरी. त्यात मुलांबरोबर आईबापांसाठीही प्रश्नावली आहे. मी भरली, आणि वस्तू जागेवर ठेवण्यात माझे गुण लेकाच्या जवळपास निघाले. आठवडाभर कुणाला सांगितलं नाही.

‘मीही असाच होतो’ म्हणणाऱ्यांना हॅलोवेल आणि रेटी यांचं ‘ड्रिव्हन टू डिस्ट्रॅक्शन’ (१९९४) द्या. दोघंही मनोविकारतज्ज्ञ, दोघांनाही स्वतःला हेच. मोठ्या माणसांच्या हकिगती भरपूर आहेत. जुळ्यांवरच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के दिसतो, त्यामुळे यजमानांचं निम्मं वाक्य बरोबर असू शकतं. ‘होईल नीट’ हे मात्र आपोआप होत नाही.

सासूबाईंसाठी मराठीत ‘तोत्तोचान’. तेत्सुको कुरोयानागी यांचं स्वतःचं बालपण, अनुवाद चेतना सरदेशमुख-गोसावी यांचा. ते या विकाराचं पुस्तक नाही आणि तसं सांगूही नका. पहिलीतली पोर डेस्कचं झाकण दिवसभर उघडते, मिटते, खिडकीतून वाजंत्रीवाल्यांना हाका मारते, शेवटी शाळा तिला काढून टाकते. नव्या शाळेचे मुख्याध्यापक तिची बडबड चार तास ऐकून घेतात. नुसतं पुस्तक चष्म्याशेजारी ठेवा.

पण चारही इंग्रजी पुस्तकं एकदम मागवू नका. मी मागवली होती आणि सहा महिने फक्त अधोरेखित करत बसले. एक पुस्तक, त्यातली एक गोष्ट, तीन आठवडे. सुरुवात बार्कलींच्या बक्षिसांच्या पद्धतीने करा. लहानांना हातात धरता येईल असं काही द्यायचं. आम्ही चिंचोके दिले. पहिले काही दिवस नुसती कमाई, दंड नाही, असं स्पष्ट लिहिलेलं असताना मी तिसऱ्याच दिवशी पाच चिंचोके कापून घेतले. त्याने अख्खा डबा अंगणात भिरकावला. पुढच्या पावसात नळाजवळ दोन रोपं आली.

तुमच्या लेकीला चिंचोके पोरकट वाटतील. तिला पासबुकासारखी वही करून द्या. कंपासपेटी घरी परत आली की पाच गुण, लगेच, दप्तर उघडल्या उघडल्या. चौथी पेटी स्वस्तातली घ्या.