ग्रीक ‘ओइदा’चं रूप पूर्णकाळाचं, मग अर्थ वर्तमानाचा कसा?

‘ओइदा’ म्हणजे ‘मला माहीत आहे’. अर्थ वर्तमानाचा आहे, कारण प्राचीन ग्रीकमधला पूर्णकाळ घडून गेलेल्या क्रियेपेक्षा तिच्यामुळे आत्ता असलेली स्थिती सांगतो. मूळ धातू ‘पाहणं’ या अर्थाचा. पाहून झालंय, म्हणून आता ठाऊक आहे. त्याच धातूचं ‘एइदोन’ म्हणजे ‘मी पाहिलं’. संस्कृत शिकला असाल तर ओळख लगेच पटेल, कारण ‘विद्’ हा त्याचाच भाऊ. अथेन्सच्या अभिजात ग्रीकमधली रूपं संस्कृतच्या शेजारी ठेवून पाहा (डावीकडे ग्रीक, उजवीकडे संस्कृत; क्रम मी, तू, तो):

एकवचन: ओइदा, ओइस्था, ओइदे – वेद, वेत्थ, वेद
अनेकवचन: इस्मेन, इस्ते, इसासि – विद्म, विद, विदुः

दोन्हीकडे एकवचनात जोडस्वर (ग्रीक ‘ओइ’) किंवा गुण (संस्कृतात ‘इ’चा ‘ए’), अनेकवचनात नुसता ‘इ’. पूर्णकाळात एरवी धातूचं द्वित्व होतं, म्हणजे त्याचा सुरुवातीचा भाग दोनदा येतो, तेही दोन्हीकडे नाही. इतकी नितळ जुळणी क्वचितच सापडते! पाणिनीनेही ‘विदो लटो वा’ (३.४.८३) या सूत्राने ‘वेद’ हे रूप लट् म्हणजे वर्तमानकाळातच बसवलं आहे. ग्रीकमध्ये सुरुवातीचा ‘व’ गळला, म्हणून नातं चटकन दिसत नाही. ‘माहीत असणं’ याला ‘एइदेनाइ’, आणि ‘मला माहीत होतं’ याला ‘एदे’.

मात्र वरची अनेकवचनं अभिजात ग्रीकची आहेत. तुम्ही बायबलचा नवा करार मूळ ग्रीकमधून वाचत असाल, तर तिथे बहुतेक ठिकाणी ‘ओइदामेन, ओइदाते, ओइदासिन’ अशी एकवचनाच्या वळणावर गेलेली रूपं भेटतील.