वेटलिस्टवर थांबताना जूनची एलसॅट द्यावी का?

ताई, तुमच्या लेकीला एलसॅटमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या लॉ स्कूलच्या प्रवेश परीक्षेत, १६१ आहेत, एका लॉ स्कूलने निम्मी फी माफ करून प्रवेश दिलाय, आणि जिथे तिचा जीव अडकलाय त्या स्कूलने वेटलिस्टवर ठेवलंय. थांबावं की हातातलं घ्यावं, असं तुम्ही विचारलंत. मी न्यू जर्सीत चौदा वर्षं वकिली करतेय आणि त्याआधी स्वतः जुलैपर्यंत वेटलिस्टवर होते, म्हणून सविस्तर लिहिते.

हातातली जागा सोडू नका. तिथलं डिपॉझिट मुदतीत भरा. बाकीच्या मुलांच्या डिपॉझिटच्या तारखा उलटल्या की, म्हणजे एप्रिलअखेर किंवा मेपासून, वेटलिस्ट हलायला लागते. कधी ती अगदी ऑगस्टपर्यंत हलत राहते. आपल्याकडच्या कॉलेजच्या यादीसारखं 'पुढचे सोळा गेले की आपला नंबर' असं इथे बहुधा नसतं. त्या घडीला वर्गात काय कमी पडतंय ते बघून स्कूल नाव उचलतं.

आणि बहुतेकदा कमी पडतो तो आकडा. दर डिसेंबरला '५०९ रिपोर्ट' प्रसिद्ध होतो. त्यात प्रत्येक मान्यताप्राप्त स्कूलच्या नव्या वर्गाचा एलसॅट आणि जीपीए (कॉलेजमधल्या गुणांची सरासरी) २५, ५० आणि ७५ पर्सेंटाइलला किती आहे ते दिलेलं असतं. तो आज रात्रीच उघडा. मधला, म्हणजे ५० पर्सेंटाइलचा आकडा (मीडियन) समजा १६४ असेल, तर १६१ वाल्या मुलीमुळे त्यांचा मीडियन सावरत नाही; तीच १६५ घेऊन आली तर ती त्यांना हवीशी होते. जीपीए आता हलणार नाही, एलसॅट हलू शकतो. किती वेळा परीक्षा दिली ते स्कूलला दिसतं, पण रिपोर्टमध्ये सगळ्यात वरचा स्कोअर धरला जातो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की तिने जूनची परीक्षा द्यावी. नोंदणी साधारण दीड महिना आधी बंद होते, तेव्हा याच आठवड्यात ठरवा. 'जूनचा स्कोअर विचारात घ्याल का?' एवढी एक ओळ आधी प्रवेश कार्यालयाला लिहून विचारा. ही ईमेल तिनेच लिहायची, तुम्ही नाही.

आता अभ्यास. ऑगस्ट २०२४ पासून लॉजिक गेम्स, म्हणजे तर्काच्या कोड्यांचा भाग, गेला. लॉजिकल रीझनिंगचे दोन भाग आणि रीडिंगचा एक, असे तीन भाग मोजले जातात. चौथा मोजत नाहीत, पण तो कुठला ते परीक्षेत कळत नाही. प्रत्येकाला ३५ मिनिटं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

तुम्ही लिहिलंय की ती रोज एक पूर्ण पेपर सोडवते. ते कृपया थांबवा. त्याने थकवा येतो, चुका मात्र त्याच राहतात. एक भाग घड्याळ लावून सोडवायचा आणि शंका असलेल्या प्रश्नांवर खूण करायची. मग उत्तरं न बघता, घड्याळ न लावता, ते प्रश्न पुन्हा सोडवायचे. त्यानंतरच तपासायचं. दुसऱ्या खेपेला बरोबर आलं तर अडचण वेगाची आहे. तेव्हाही चुकलं तर मुळात समजच कच्ची आहे. दोन्हींवरचे उपाय वेगळे.

एक उदाहरण देते. 'शाळेत संगणक आले, पुढच्या वर्षी निकाल वाढला. म्हणजे संगणकांमुळे वाढला.' यात काय गृहीत धरायलाच हवं? 'संगणक आले की निकाल वाढतोच' हा पर्याय फार मोहात पाडतो. तो उलटून बघा: 'दर वेळी वाढतोच असं नाही.' तरीही या शाळेत संगणकांमुळे वाढला असू शकतो, म्हणजे हे गृहीत आवश्यक नाही. आता 'वाढीचं कारण फक्त नवे शिक्षक हे नव्हतं' हा पर्याय उलटा: 'फक्त नव्या शिक्षकांमुळेच वाढला.' निष्कर्ष तिथेच कोसळला, म्हणजे हेच उत्तर. प्रत्येक चुकीपुढे 'मला चुकीचा पर्याय का पटला' हे एका वहीत स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगा. माझे गुण वाढले ते या वहीमुळे. क्लासला घातलेल्या पैशांचा मला तेवढा उपयोग झाला नाही.

वेटलिस्टवरच्या स्कूलला एक पानी पत्र जाऊ दे: अजून इच्छा आहे, अर्जानंतर नवीन काय घडलं, त्याच स्कूलमधलं कुठलं क्लिनिक (खऱ्या पक्षकारांचं काम करत शिकायचा वर्ग) किंवा विषय का हवा आहे. 'बोलावलंत तर नक्की येईन' हे वाक्य खरं असेल तरच लिहावं, आणि एकाच स्कूलला.

पैशाचं मात्र घरी आत्ताच बोलून घ्या. वेटलिस्टवरून आलेल्या प्रवेशाबरोबर स्कॉलरशिप बहुधा नसते किंवा तुटपुंजी असते. त्यात १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद. लॉसाठी उरलेलं सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० डॉलर आणि एकूण २ लाखांपर्यंतच. वरचं खाजगी कर्ज घ्यायचं तर सही बहुतेक तुम्हालाच करावी लागेल. मला जुलैत फोन आला तेव्हा उत्तराला दोन दिवस होते, स्कॉलरशिप शून्य, आणि घरी आकड्यांचं काहीच बोलणं झालेलं नव्हतं. मी घाईत हो म्हटलं आणि ते कर्ज अकरा वर्षं फेडलं. किती फी माफ झाली तरच जायचं, तो आकडा तिघांनी बसून कागदावर लिहून ठेवा.

तिची वही सुरू झाली की पहिल्या आठवड्याची पानं मला पाठवा. रविवारी सकाळी मी मोकळी असते, बघून सांगते.