टायर टिकेल किती, धरेल किती

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे येणारी पत्रं इंजिन आणि मायलेज सोडून टायरांकडे वळतात. या वेळी बहुतेकांचा सूर एकच आहे: घरच्या सेडानला असा टायर हवा, जो रस्ताही घट्ट धरेल आणि दोन-तीन वर्षांत गोटाही होणार नाही. लांबलचक पत्रं मुद्द्यापुरती कापली आहेत, रागावू नये.

प्रश्न : गाडीबरोबर आलेल्या टायरांवर ४१,००० किलोमीटर झाले, आता चारही बदलायचे आहेत. माप १८५/६० आर१५ (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत). ऑफिसातले म्हणतात, लाँग लाइफवाले घे, साठ हजार कुठं जात नाहीत. मला कसारा घाटात भर पावसात गाडी हातात राहायला हवी. दोन्ही एकाच टायरात मिळतं का? (नाशिक)

बऱ्यापैकी मिळतं, पूर्ण मिळत नाही. मऊ रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत दाण्यांत शिरतं, दबतं, पुन्हा फुलतं. पकड याच दबण्या-फुलण्यात आहे आणि झीजही त्यातच. कडक रबर त्या दाण्यांवरून नुसतं सरकत जातं, म्हणून ते टिकतं. कोरड्या रस्त्यावर दोघांतला फरक तुम्हाला फारसा कळणार नाही. पहिल्या पावसात, ओल्या सिमेंटवर जरा जोरात ब्रेक मारलात की कळेल. कडक टायरावर एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) लवकर धडधडायला लागतं आणि पुढच्या रिक्षाचा मागचा दिवा आठवणीत राहील इतका जवळ येतो.

पूर्वी हे भांडण सुटतच नव्हतं. रबरात भर म्हणून नुसता कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीची पूड, असायचा. १९९२ साली मिशलिननं गाडीच्या टायरात मोठ्या प्रमाणावर सिलिका (वाळूतल्याच द्रव्याची बारीक पूड) वापरून बाजारात आणली आणि हळूहळू सगळ्यांनीच ती घेतली. सिलिकामुळे टायर हलका पळतो आणि तरीही ओल्या रस्त्यावर पकड सोडत नाही. आजचे चांगले ‘टूरिंग’ टायर म्हणजे या तडजोडीचं बरंच पिकलेलं रूप. मिशलिन प्रायमसी ४ एसटी, ब्रिजस्टोन टुरान्झा, योकोहामा ब्लूअर्थ-जीटी, अपोलो अल्नॅक ४जीएस, सिएट सिक्युराड्राइव्ह ही त्या रांगेतली नावं. दुसऱ्या टोकाला अपोलो अमेझर ४जी लाइफ किंवा सिएट माइलेझ एक्स३. त्यांचा भर उघडपणे किलोमीटरवर आहे आणि टॅक्सीवाल्याला तेच हवं असतं. प्रत्येक नाव प्रत्येक मापात मिळत नाही, तेव्हा आधी माप सांगा आणि मग नावं विचारा.

आता पैशांचं बघू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या दुकानाचे टाकून बघा. लाँग लाइफचे चार टायर २२,००० रुपयांना आणि ५५,००० किलोमीटर चालले, तर किलोमीटरला ४० पैसे. टूरिंगचे चार २८,००० ला आणि ४२,००० चालले, तर ६७ पैसे. वर्षाला १२,००० किलोमीटर फिरणाऱ्याला हा फरक साधारण ३,२०० रुपयांचा. त्याच गाडीचं पेट्रोल किलोमीटरला सातेक रुपये खातं, त्याबद्दल कुणी पत्र लिहीत नाही. मी असतो तर टूरिंगच घेतले असते. किंमत विचारताना एक लक्षात ठेवा: २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुन्या छापील किमतीवर ‘खास तुमच्यासाठी’ सूट देणाऱ्याला याची आठवण करून द्या.

आणि ‘परफॉर्मन्स’ या शब्दाला भुलू नका. खरे स्पोर्ट टायर घरच्या सेडानला लागत नाहीत आणि ते लवकर संपतात. शिवाय जून २०२० मध्ये टायरांच्या आयातीवर निर्बंध आल्यापासून लहान मापांत बाहेरून येणारे टायर हवे तेव्हा मिळतीलच असं नाही.

प्रश्न : एका टायरावर ‘ट्रेडवेअर ४००’ लिहिलंय, दुसऱ्या कंपनीच्या टायरावर ५६०. म्हणजे दुसरा दीडपट चालणार ना? (ठाणे)

नाही. ट्रेडवेअर म्हणजे नक्षीच्या झिजेचा आकडा, ही अमेरिकेची पद्धत. तिथं टेक्सासमध्ये सॅन अँजेलोजवळच्या ठरलेल्या रस्त्यांवर टायर सुमारे ११,५०० किलोमीटर पळवतात आणि प्रमाण टायराशी त्याची झीज ताडून बघतात. प्रमाण टायर म्हणजे १००. पण चाचणी कंपनी स्वतःच करते किंवा करवून घेते आणि आकडाही स्वतःच छापते. कुणी हात राखून छापतो, कुणी सढळ हातानं. एकाच कंपनीच्या दोन टायरांत निवड करताना आकडा उपयोगाचा, दोन कंपन्यांत नाही. त्याच्या शेजारी ‘ट्रॅक्शन’चं, म्हणजे पकडीचं, अक्षर असतं, ते बघा. ते ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावून ठरवतात. ‘ए’ किंवा ‘एए’ असावं. वळणावर काय होईल ते यातून कळत नाही.

हल्ली टायरांवर तारेही दिसतात. ते इंधनबचतीचे, टायर किती हलका पळतो याचे. तारे मोजून टिकाऊपणा ठरवू नका.

प्रश्न : पुढचे दोन्ही टायर २२,००० किलोमीटरमध्ये आतल्या कडेनं साफ झाले, तारा दिसायला लागल्या. बाहेरून बघितलं तर नक्षी अगदी नव्यासारखी. दुकानदार म्हणतो टायर हलका होता, भारी कंपनीचे घ्या. (पुणे)

भारी कंपनीचे घ्या, तेही २२,००० मध्ये असेच जातील. टायर वाईट नाही, गाडी टायर खातेय.

माझ्याकडे अशी गाडी आली की मी आधी यंत्र लावत नाही. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवतो, म्हणजे पुढचा टायर चाकाच्या कमानीतून बाहेर येतो, आणि त्याच्यावर तळहात ठेवून आतून बाहेर फिरवतो, मग बाहेरून आत. एका दिशेनं हात गुळगुळीत सरकला आणि उलट दिशेनं करवतीच्या दात्यांसारखं बोचलं, तर टो बिघडलाय. चाकं समोर बघण्याऐवजी एकमेकांकडे तिरकं बघताहेत किंवा एकमेकांकडे पाठ फिरवताहेत, आणि टायर दर मीटरला थोडा थोडा बाजूला घासत चाललाय. दाते नाहीत, नुसती आतली कड गुळगुळीत संपलीय, तर कॅम्बरचा, म्हणजे चाक उभं असताना आत-बाहेर किती कललंय त्याचा, संशय घ्यायचा. मग चाक दोन्ही हातांनी धरून हलवतो. लोअर आर्मचं (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचं) रबरी बुश फाटलेलं असतं, नाहीतर कधीतरी खड्ड्यात दणका बसून काहीतरी वाकलेलं असतं. पुण्याचे गतिरोधक बघता हे कुणाच्याही गाडीला होऊ शकतं.

बऱ्याच सेडान गाड्यांना पुढचा कॅम्बर फिरवून बसवायची सोयच नसते. म्हणजे बुश फाटलेलं असताना नुसतं अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घेणं म्हणजे मोडक्या खुर्चीला रंग देणं. आधी बुश बदला, मग अलाइनमेंट, मग नवे टायर. याच क्रमानं. अलाइनमेंटवाल्याकडून आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा छापील कागद मागून घ्या. तो द्यायला कुरकुर करत असेल, तर दुसरं दुकान बघा.

बाकी टिकण्याचं गणित घरीच करता येतं. नव्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर खोल असते. एक आगकाडी खाचेत उभी करा, बॉलपेननं खूण करा आणि पट्टीवर मोजा. आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेर, तीन ठिकाणी. १०,००० किलोमीटरमध्ये १.२ मिलिमीटर गेली असेल, तर ३ मिलिमीटर उरेपर्यंत तुमचा टायर साधारण ४०,००० चालेल. तीन ठिकाणचे आकडे वेगळे आले, तर थेट अलाइनमेंटच्या दुकानात. मध्येच जास्त झीज म्हणजे हवा जास्त ठेवताय, दोन्ही कडांना जास्त म्हणजे कमी. कायद्यानं १.६ मिलिमीटरपर्यंत चालतं आणि खाचांच्या तळाशी तेवढ्या उंचीचे उंचवटेही दिलेले असतात. पण आपल्या पावसात मी ३ च्या खाली जात नाही. पाणी बाहेर फेकायला खाचच उरली नाही, तर टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग हलकं लागतं. ते हलकेपण ओळखता आलं पाहिजे.

दर ८-१० हजारांना टायरांच्या जागा बदला: पुढचे सरळ मागे, मागचे कैचीनं पुढे, म्हणजे डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे. बाण असलेल्या टायरांना कैची चालत नाही, ते त्याच बाजूला पुढे-मागे करायचे.

प्रश्न : नागपूरहून समृद्धीनं महिन्यातून दोनदा मुंबईला जातो. मे महिन्यात हवा कमी ठेवावी म्हणतात, म्हणजे टायर फुटत नाही. आणि नायट्रोजन भरू का? (नागपूर)

हवा कमी ठेवण्याचा सल्ला ज्यानं दिला, त्याचं पुन्हा ऐकू नका. हवा कमी असलेल्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, वाकली की तापते. १२० च्या वेगानं तासन् तास तापत राहिली की आतले थर सुटतात. लोक म्हणतात, उन्हानं फुगून फुटला. बहुतेक वेळा तो आधीच मऊ पडलेला असतो.

सकाळी घरून निघताना २५ अंशांना ३३ पीएसआय हवा आहे असं धरा. पळून पळून आतली हवा ६५ अंशांवर गेली की तोच काटा ३९ दाखवेल. हे बरोबर आहे, गाडी बनवणाऱ्यांनी हे धरूनच आकडा दिलेला असतो. ढाब्यावर थांबून तुम्ही ती ३३ वर आणलीत, तर गार झाल्यावर टायरात साडेसत्तावीसच उरेल. गरम टायरची हवा कधीच काढायची नाही. चालकाच्या दारापाशी स्टिकर असतो, त्यावर पाच माणसं आणि सामानासाठीचा आकडा वेगळा असतो. लांबच्या प्रवासाला तो ठेवा. कॉम्प्रेसरवाल्याच्या काट्यावर विसंबू नका, स्वतःचा घ्या.

नायट्रोजनचं कौतुक फार होतं. आपल्या साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे आणि तापल्यावर तोही जवळपास तेवढाच फुगतो. तो कोरडा असतो आणि जरा हळू झिरपतो, एवढाच फायदा. फुकट मिळत असेल तर भरा. त्याच्या भरवशावर हवा बघायचं सोडू नका.

टायर घेताना मात्र आकड्यांपुढचं अक्षर बघा. टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४० किलोमीटरचा वेग. एवढ्यानं कुणी जात नाही, पण अक्षर वर तशी टायराची उष्णता सोसायची ताकद जास्त. कंपनीनं दिलेल्या अक्षराच्या खाली उतरू नका, भार-निर्देशांकाच्या खाली तर मुळीच नाही. ८४ म्हणजे एका टायरवर ५०० किलो, ८८ म्हणजे ५६०.

प्रश्न : माझ्याकडे १८५/५५ आर१६ आहेत. रुंद टायर घातले तर पकडही वाढेल आणि जास्त टिकतील, असं मुलगा म्हणतो. (मुंबई)

पकड थोडी वाढेल, टिकण्याचा भरवसा नाही, स्टिअरिंग जड होईल, मायलेज थोडं जाईल. तरी हौस असेल तर २०५/५० आर१६ चा घेर तुमच्या टायराइतकाच, फरक पाव टक्क्याचा, त्यामुळे मीटर खोटं बोलणार नाही. रिमची रुंदी त्या टायराला चालते का ते आधी तपासा. १९५/५५ घेतलात तर चाक सुमारे दोन टक्के मोठं होतं. मुंबईच्या खड्ड्यांत १७ चं रिम आणि पातळ बाजूचा टायर घालू नका. बाजूला फुगा आला की तो टायर संपला, त्याला पंक्चरवाला काही करू शकत नाही.

प्रश्न : निवृत्त शिक्षक. वर्षाला जेमतेम ४,००० किलोमीटर. टायर सात वर्षांचे, नक्षी भरपूर आहे. बदलायलाच हवेत का? (रत्नागिरी)

हो सर, बदला. रबर न पळताही म्हातारं होतं. खाचांच्या तळाशी नखानं उघडून बघा, बारीक तडे दिसतील. सहा वर्षांनंतर मी विश्वास ठेवत नाही, आणि तुमच्याकडचा पाऊस ताडपत्रीलाही सोडत नाही.

तुमच्यासाठी लाँग लाइफ टायर म्हणजे वाया गेलेले पैसे. वर्षाला ४,००० प्रमाणे सहा वर्षांत २४,००० होतील, साठ हजारांचा टायर घेऊन उरलेले छत्तीस हजार कुणाला देणार? सगळ्यात चांगली ओली पकड असलेला घ्या. घेताना बाजूवर ‘डीओटी’नंतरच्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. एकदा घाईत मीच न बघता चार टायर बसवून घेतले आणि घरी येऊन बघतो तर अडीच वर्षांपूर्वीचा माल. बिल झालं होतं, दुकानदार हसला. तेव्हापासून टायर रिमवर चढायच्या आत आकडा वाचतो, चष्मा असला-नसला तरी.

प्रश्न : सध्या बजेट दोनच टायरांचं आहे. नवे पुढे बसवायचे ना? ओढणारी चाकं तीच. (कोल्हापूर)

मागे. पुढची चाकं पाण्यावर सुटली तर गाडी सरळ जाते, ॲक्सिलेटर सोडला की सावरते. मागची सुटली तर शेपूट फिरते आणि आंबोली घाटात ती सावरायला जागा नसते. दुकानदार पुढेच बसवू म्हणेल, कारण जॅक तिथंच लागलेला असतो. त्याला मागचे काढून पुढे आणि नवे मागे बसवायला सांगा. बॅलन्सिंग चारही चाकांचं करून घ्या आणि पहिले दोन-तीनशे किलोमीटर सांभाळून चालवा. साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेला गुळगुळीत थर तेवढ्यात निघून जातो.