नवरा चांगला आहे, पण ओढ दुसऱ्याची लागली आहे. कोणाला निवडू?

ताई, तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडते. लग्नाला ९ वर्षं, ६ वर्षांची मुलगी, पाचोऱ्यात नवऱ्याचं कृषी केंद्र. माणूस निर्व्यसनी, कधी हात उचलला नाही, पण दिवसभराचं बोलणं ‘जेवली का’ आणि ‘उधारी आली का’ यापुढे जात नाही. तुम्ही नोकरीसाठी रेल्वेने जळगावला अपडाऊन करता. जूनमध्ये गाडीत एकाशी ओळख झाली, त्याचंही लग्न झालेलं आहे, आता ७ महिने होत आले. ‘एकाकडे सगळं आहे पण ओढ नाही, दुसऱ्याकडे नुसती ओढच आहे. कोणाला निवडू? आणि नवऱ्याला सांगू का?’

यात एक निवड नाही, दोन वेगळे निर्णय आहेत, आणि ते एकत्र घेतले की दोन्ही बिघडतात. पहिला निर्णय: गाडीतला माणूस कधी भेटलाच नसता, तर हा संसार तुम्हाला ठेवायचा होता का? दुसरा: नवरा मध्ये नसता, तर तो माणूस रोजच्या घरात चालला असता का? पहिल्याचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही.

आत्ता तुम्ही जी तुलना करताय तिचं माप बघा. पाचोरा सुटलं की परधाडे, माहेजी, म्हसावद, शिरसोली आणि जळगाव. पाऊण तास. तो इस्त्रीच्या शर्टात, तुम्ही नीट आवरून निघालेल्या, सिलिंडर संपलेला नाही, कोणाची आई रात्रभर खोकलेली नाही. आणि बोलणं कंटाळवाणं व्हायच्या आत स्टेशन येतं. नवऱ्याला मात्र तुम्ही चोवीस तासांनी मोजताय, तेही जूनपासून. कृषी केंद्रवाल्याचा जून कसा जातो हे तुम्हाला मी सांगायला नको: बियाण्याची पाकिटं, युरियासाठी काउंटरवर रेटारेटी, ‘मला तेच वाण पाहिजे’ म्हणून हुज्जत, रात्री उशिरा शटर. त्या माणसाकडून जूनमध्ये गप्पांची अपेक्षा करणं आणि नेमकं त्याच महिन्यात दुसरीकडे गप्पा मिळणं, हा योगायोग हिशेबात धरा.

दोन आठवडे नोंद ठेवा. चार रकाने पुरेत: कोणासोबत, किती मिनिटं, त्या वेळात काम काय होतं, आणि तासाभराने मनाची अवस्था काय होती. उदाहरणार्थ: ‘मंगळवार. गाडीत ४० मि. काम नाही. तासाभराने: फोन उलटा ठेवला, तरी चारदा सरळ करून पाहिला.’ त्याच दिवशी: ‘घरी १० मि. मुलीचा ताप, औषध कोणी द्यायचं. तासाभराने: झोप लागली.’ चौथा रकाना सगळ्यात बोलका असतो. सकाळी बाइकवर स्टेशनला कोण सोडतो, तेही लिहा. ती ८-१० मिनिटं बहुतेक जणी विसरतात. उपकार म्हणून नाही, नोंद म्हणून. नावं लिहू नका आणि कागद घरात ठेवू नका, अशी वही पुढे भलत्याच्या हातात पडते.

ओढीबद्दल. ती खोटी नाही, पण ती सगळी त्या माणसामुळे आहे असंही नाही. १९७४ मध्ये डटन आणि ॲरन या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातल्या कॅपिलानोच्या झुलत्या पुलावर एक प्रयोग केला. उंच, हलणारा पूल ओलांडणाऱ्या पुरुषांनी तिथे प्रश्न विचारणाऱ्या तरुणीला नंतर जास्त प्रमाणात फोन केले. भक्कम, कमी उंचीच्या पुलावरच्यांनी कमी. भीतीने वाढलेली धडधड मन आकर्षणाच्या खात्यात जमा करतं, असा त्यांचा अर्थ. तुमच्या डब्यात ‘ओळखीचं कोणी बघत नाही ना’ ही धडधड रोज दोन वेळा आहेच.

दुसरी गोष्ट मेसेजची. नवऱ्याचा ‘जेवली का’ दुपारी ठरल्या वेळी येतो, म्हणून मनात त्याची नोंदच होत नाही. गाडीतल्या माणसाचा मेसेज कधी येतो, कधी दोन दिवस येत नाही. बक्षीस अनिश्चित असलं की सवय जास्त चिवट होते, हे स्किनर या मानसशास्त्रज्ञाने प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं. म्हणजे जो कमी भरवशाचा, त्याचीच वाट जास्त बघितली जाते. तिसरी गोष्ट काळाची. मानसशास्त्रज्ञ डोरोथी टेनॉव्ह यांनी १९७९ च्या पुस्तकात या झपाटलेपणाला ‘लिमरन्स’ म्हटलं. त्यांच्या अंदाजाने ते साधारण १८ महिने ते ३ वर्षं टिकतं. तुमचे झालेत ७ महिने. कपाशीला पाते (कळ्या) लागलेले बघून कोणी क्विंटलचा हिशेब मांडत नाही, कारण पातेगळ अजून व्हायची असते.

म्हणून ९० दिवस संपर्क पूर्ण बंद. हा आकडा कुठल्या शास्त्राचा नाही, माझा अंदाज आहे. महिनाभरात फक्त तगमग कळते, आपलं मन कळत नाही. एकच मेसेज पाठवा: ‘मी हे आजपासून थांबवते आहे. भेटणार नाही, फोन-मेसेजला उत्तर देणार नाही. तुम्हीही संपर्क करू नका.’ यात ‘सध्या’ हा शब्द घालू नका, कारण समोरचा तेवढाच शब्द वाचतो. कारणं देऊ नका. कारण दिलं की वाद सुरू होतो आणि वाद म्हणजे संपर्कच. मग नंबर ब्लॉक करा. म्यूट करून चालत नाही, चॅट अर्काइव्हमध्ये टाकूनही नाही. पुढची किंवा मागची गाडी धरा, तेही जमत नसेल तर महिलांचा डबा. अपडाऊनवाल्यांच्या व्हॉट्सअप ग्रुपवर तो असेल तर ग्रुप सोडा. गाडी किती लेट आहे ते ॲपवर कळतं.

घसरण कुठे होते ते आधीच माहीत असू द्या. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ‘शेवटचं एकदा भेटून नीट संपवू’ असा निरोप येतो. ती भेट शेवटची नसते. त्यानंतर त्याचं स्टेटस बघायला मैत्रिणीचा फोन मागितला जातो. आणि एप्रिल-मेमध्ये आखाजी (अक्षय्य तृतीया). माहेरी चार-आठ दिवस, कामाची घाई नाही, नवरा जवळ नाही, झोक्यावर बसायला सवड. ९० दिवस तोवर संपत आलेले असतील, म्हणून ‘आता एक फोन केला तर काय’ असं तिथेच वाटतं. तिथे जाण्याआधी एका बहिणीला किंवा मैत्रिणीला सगळं सांगून ठेवा. एकीलाच. दोघींना सांगितलं की गावात जातं.

या काळात त्याने फोटो किंवा चॅट दाखवण्याची धमकी दिली तर घाबरून सगळं डिलीट करू नका. नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट आधी घ्या, पैसे देऊ नका, भेटायला जाऊ नका. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिलांविषयीची तक्रार नाव न देताही नोंदवता येते. सायबर हेल्पलाइन १९३०, तातडीला ११२, महिला हेल्पलाइन १८१. शरीरसंबंध आले असतील तर सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत (समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) एचआयव्हीची तपासणी मोफत आणि गोपनीय होते. शेवटच्या संबंधानंतर ३ महिन्यांनी ती पुन्हा करा. हे लिहिताना संकोच वाटतो म्हणून बहुतेक उत्तरांत सुटतं.

तो ‘मी बायकोला सोडतोय’ म्हणत असेलच. पुढे कधी त्याच्याशी बोलायची वेळ आलीच, तर तीन गोष्टी विचारा: वकिलाला कधी भेटलास, राहायचं कुठे, माझ्या मुलीची शाळा कोणती. उत्तरं तारखेत आणि पत्त्यात आली पाहिजेत. ‘बघू, वेळ आली की’ हेही उत्तरच आहे.

कायद्यात लोक जिथे फसतात तेवढंच सांगते. व्यभिचार आता गुन्हा नाही. कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ ला रद्द केलं. पण हिंदू विवाह कायद्यात तो घटस्फोटाचं कारण आजही आहे. पोटगीच्या तरतुदीत (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४) ‘व्यभिचारात राहणाऱ्या’ पत्नीला पोटगी नाही असं लिहिलंय. न्यायालयं त्याचा अर्थ एखादी चूक असा नाही, चालू असलेला संबंध असा घेतात, त्यामुळे आज थांबवण्याला कागदावरही अर्थ आहे. फोनवरचं बोलणंही जपून: जोडीदाराने चोरून केलेलं रेकॉर्डिंग वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून चालू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं. मुलीचा ताबा ठरवताना तिचं हित बघतात. आईचा संबंध होता म्हणून ताबा नाकारता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका प्रकरणात म्हटलं आहे. स्त्रीधन काहीही झालं तरी तुमचंच. दागिन्यांचे फोटो आणि पावत्या एकत्र ठेवा.

आणि आपल्याकडचा जुना घोळ: नातेवाईक बैठक बसवतात, स्टॅम्प पेपरवर फारकत लिहून घेतात, दोघे ‘मोकळे’ होतात. समाजात तशी रूढी असल्याचं न्यायालयात सिद्ध करता आलं तरच त्याला किंमत, एरवी लग्न कायम. त्या कागदावर दुसरं लग्न लावलं तर ते रद्दबातल, वर द्विभार्या-द्विपतीचा गुन्हा, ७ वर्षांपर्यंत शिक्षा. सहमतीचा घटस्फोट हवा असेल तर आधी किमान वर्षभर पती-पत्नी म्हणून एकत्र राहिलेलं नसावं लागतं, नंतर दोन अर्जांमध्ये ६ महिने. ते ६ महिने काही अटींवर माफ होऊ शकतात, २०१७ पासून. तालुका विधी सेवा समितीकडे महिलेला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, क्रमांक १५१००.

आता पहिला निर्णय, म्हणजे नवरा. ‘ओढ नाही’ हे त्याला कधी सांगितलंय का? तुमच्या प्रश्नात ते कुठेच नाही. बायका बहुतेक वेळा ‘तुम्ही बोलत नाही’ असं म्हणतात, आणि तो दुसऱ्या दिवशी दोन वाक्यं जास्त बोलून मोकळा होतो. मागणी मोजता येईल अशी करा: रात्री जेवणानंतर २० मिनिटं, दोघांचे फोन दुसऱ्या खोलीत, दुकान आणि मुलगी हे दोन विषय बंद. पहिल्या आठवड्यात अवघडल्यासारखं होतं, शांतता पडते. पडू द्या. दुसरं म्हणजे दोघांनाही नवीन असलेलं काहीतरी करा. याच ॲरन यांनी २००० मध्ये दाखवलं की जोडप्यांनी मिळून नवखी, थोडी धडपडीची गोष्ट केली तर एकमेकांबद्दलचं समाधान वाढतं. नेहमीच्या ढाब्यावरची शेवभाजी त्यात बसत नाही. पाटणादेवीच्या जंगलात चालायला जा, तोरणमाळला मुक्काम करा, नाहीतर त्याला पोहायला शिकवा. आत्ता हंगाम सैल आहे, मेच्या शेवटी पुन्हा त्याला मान वर करायला वेळ नसेल. तोवरच्या चार महिन्यांत दिसेल काय ते. एवढं करूनही त्याच्याशेजारी बसणं ओझं वाटलं, तर संसार सोडणं हाही शहाणपणाचा निर्णय असू शकतो. मात्र तो गाडीतल्या माणसासाठी नको, त्याच्याशिवाय घेतलेला असू दे.

नवऱ्याला सांगायचं का? सगळ्यांनी सांगावंच, या मताची मी नाही. तीन परिस्थितींत मात्र सांगावं लागतं: त्याच्या तब्येतीला धोका असेल, कोणी धमकावत असेल, किंवा डब्यात चर्चा सुरू झाली असेल. तिसरी तुमच्या बाबतीत शक्य वाटते, कारण अपडाऊनवाल्यांना कोण कोणाच्या शेजारी बसतं ते पाठ असतं, आणि दुकानाच्या काउंटरवर तिसऱ्याच्या तोंडून कळणं हे सगळ्यात वाईट. तो आजवर मारकुटा नसला तरी रागाची भीती वाटत असेल तर घरी सांगू नका. आधी महिला समुपदेशन केंद्रात किंवा जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये एकट्या जा, मग तिथे दोघं. मन फारच थाऱ्यावर नसेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

घरी सांगायचं ठरलं तर दुकान बंद असेल त्या दिवशी, दुपारी, मुलगी आजीकडे असताना. रात्री नको, रात्री बोलणं थांबवता येत नाही. पहिल्या तीन वाक्यांत तीन गोष्टी: काय झालं, कधीपासून कधीपर्यंत, आणि आता ते बंद आहे. ‘तुम्ही वेळ देत नव्हता म्हणून’ हे वाक्य त्या दिवशी तोंडातून काढू नका, खरं असलं तरी. तो विचारेल ते खरं सांगा, पण अंथरुणातले तपशील विचारले तर ‘ते सांगून तुम्हाला त्रासच होईल’ म्हणून थांबा. तसले तपशील मग डोक्यातून जात नाहीत. त्यानंतर तो उठून दुकानात जाऊन बसेल, कदाचित दोन दिवस नीट जेवणार नाही. जाऊ द्या. त्या दोन दिवसांत ‘माफ केलं का’ असं विचारू नका, आणि त्याच्या आईला फोन करून मध्ये घालू नका.