वजन कमी करण्याच्या ऑपरेशनआधी काय तयारी करावी आणि नंतर सावरायला किती दिवस लागतात?

ताई, सगळ्यात आधी सासूबाईंना सांगा. बाकीची तयारी त्यानंतर.

तुम्ही लिहिलंय की वय ३४, वजन ११२ किलो, उंची पाच फूट दोन इंच, शुगरच्या गोळ्या चालू आहेत, चोपडा तालुक्यात एकत्र कुटुंबात राहता, सर्जननी स्लीव्ह (जठर कापून लहान करायचं ऑपरेशन) सुचवली आहे आणि घरात नवऱ्याशिवाय कुणाला माहीत नाही. मी भुसावळची. माझी स्लीव्ह नाशिकला झाली, त्याला आता काही वर्षं झाली. ऑपरेशन टेबलावरचं काम सर्जनचं असतं आणि ते साधारण तास-दोन तासांत आटोपतं. पुढचे सहा महिने मात्र तुमच्या ताटात काय पडतं यावर सगळं ठरतं, आणि आपल्याकडे ताट वाढणारा हात बहुतेक दुसऱ्याचा असतो. सासूबाईंना माहीतच नसेल, तर तुम्ही दोन चमचे वरण खाऊन उठलात की त्या घाबरतील आणि मायेनं आग्रह करतील. म्हणून आहारतज्ज्ञांकडे पुढच्या वेळी जाताना त्यांना सोबत न्या. माझ्या सासूबाई आल्या होत्या. किती चमचे, किती पातळ, दिवसातून किती वेळा, हे त्यांनी माझ्यापेक्षा बारकाईनं विचारलं. नंतर लग्नकार्यात बायका "थोडं तरी खाय ना व माय" म्हणत ताटात वाढायला आल्या, की मला काही बोलावंच लागायचं नाही, त्याच त्यांना थांबवायच्या.

आता मूळ गोष्ट. स्लीव्हमध्ये दुर्बिणीतून जठराचा साधारण पंचाहत्तर ते ऐंशी टक्के भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी एक अरुंद पिशवी ठेवतात. भूक वाढवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं. म्हणून नुसती जागा कमी होते असं नाही, सुरुवातीचे महिने भूकही फारशी लागत नाही. काढलेला भाग परत जोडता येत नाही, हे घरच्यांनाही स्पष्ट सांगा. बायपास या दुसऱ्या प्रकारच्या ऑपरेशनमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती पुढे लहान आतड्याला जोडतात. तुमची शुगर आहे, म्हणून सर्जनना थेट विचारा की बायपास का नको. आणि एंडोस्कोपीत (तोंडातून दुर्बीण घालून जठर बघतात त्यात) ॲसिडिटीचा जुना त्रास किंवा हर्निया, म्हणजे जठराचा भाग छातीकडे सरकलेला दिसला तर हा प्रश्न नक्कीच विचारा, कारण स्लीव्हनंतर काहींची आंबट पाणी वर येण्याची तक्रार वाढते.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती आहे तो आकडा, ४५ च्या आसपास येतो. विम्याच्या नियमात १८ वर्षांवरील व्यक्तीचा बीएमआय ४० किंवा जास्त असेल, किंवा ३५ असून आटोक्यात न येणारी टाइप टू शुगर, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास असेल, तर या ऑपरेशनचा विचार होतो. पॉलिसीचा प्रतीक्षाकाळ संपलाय का ते बघा आणि दवाखान्यात भरती व्हायच्या आधीच मंजुरी मागा.

तपासण्यांची यादी लांब असते, पण प्रत्येकीला कारण आहे. सोनोग्राफीत यकृतावरची चरबी आणि पित्ताशयातले खडे कळतात. रक्तात एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), थायरॉइड, लोह, बी-१२, डी जीवनसत्त्व बघतात. आपल्याकडच्या बायकांचं हिमोग्लोबिन आणि बी-१२ बऱ्याचदा आधीच कमी असतं. ते ऑपरेशनच्या आधी भरून काढा, नंतर भरायला फार जड जातं. नवरा म्हणत असेल की तुम्ही झोपेत घोरता आणि मधेच श्वास थांबतो, तर ते भूलतज्ज्ञांना सांगायलाच हवं. मानसोपचारतज्ज्ञांची भेट ठेवली असेल तर ती टाळू नका. खाणं हाच ज्यांचा विसावा असतो, त्यांना तो विसावा एकदम काढून घेतल्यावर कसं वाटेल यावर कुणाशी तरी आधी बोललेलं बरं.

मिसरी लावत असाल तर आजच बंद करा. आपल्याकडे बायका मिसरीला तंबाखू धरत नाहीत आणि डॉक्टरांनी "तंबाखू?" विचारलं की नाही म्हणतात. मिसरी म्हणजे तंबाखूच. त्यानं टाके भरून यायला वेळ लागतो. किमान महिना-दीड महिना आधी सोडावी लागते, आणि पुन्हा धरायची नाही.

शेवटचे दोनेक आठवडे बहुतेक सर्जन कमी कॅलरीचा, जास्त प्रथिनांचा आहार देतात. हा वजन उतरवण्यासाठी नसतो. चरबीनं फुगलेलं यकृत जठराच्या वरच पडलेलं असतं आणि सर्जनना ते उचलून खाली काम करावं लागतं. त्या आहारानं यकृत आकसतं, मऊ पडतं, जागा मोकळी होते. पहिले तीन-चार दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, मग शरीर रुळतं. या काळात शुगरच्या गोळ्या तशाच चालू ठेवल्या तर साखर एकदम खाली जाऊ शकते. म्हणून डोस कधी आणि किती कमी करायचा हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. ऑपरेशननंतरही तेच. बऱ्याच जणांची शुगर वजन उतरायच्या आधीच, पहिल्या काही दिवसांत खाली येते.

याच दिवसांत दोन सवयी लावा. पाणी घोट घोट प्यायचं आणि जेवताना प्यायचं नाही. जेवणाआधी अर्धा तास आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी बंद. आपल्याकडे तिखट शेवभाजीबरोबर तांब्याभर पाणी लागतं, त्यामुळे ही सवय फार चिवट. मी ऑपरेशनच्या बऱ्याच आधीपासून मोठा पेला बाजूला ठेवून चहाच्या छोट्या ग्लासात पाणी घ्यायला लागले होते. जेवायला चमचा लहान मुलांचा आणि वाटी लोणच्याची. तीन बॉल वर उचलायचं फुंकणीसारखं यंत्र मिळेल, त्यावर श्वास आत ओढायचा सराव घरीच सुरू करा, कारण त्यानं भुलीनंतर फुप्फुसं पटकन मोकळी होतात.

आणि तारीख एप्रिल-मे मधली घेऊ नका. हे नाशिक-पुण्याचे डॉक्टर बहुधा सांगणार नाहीत, पण जळगाव-भुसावळला ४५ अंश काय असतं ते आपल्याला ठाऊक आहे. ऑपरेशननंतर दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी पोटात जायला हवं आणि ते घोटभरच जातं. एका दमात पेला संपवला तर छातीत कळ येते, उलटी होते. थंडीतसुद्धा दीड लिटर गाठायला दिवसभर बाटली हातात ठेवावी लागते. उन्हाळ्यात घाम त्याच्या पुढे पळतो. शरीरातलं पाणी कमी होणं, हे ऑपरेशननंतर पुन्हा भरती व्हायच्या नेहमीच्या कारणांपैकी एक आहे. तुमची दिवाळीनंतरची तारीख मिळत असेल तर तीच घ्या.

आता नंतरचं. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला उठवून चालवतील. दुखलं तरी चाला. पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून हे आहे. खांदे दुखतील, ते पोटात भरलेल्या गॅसमुळे, आणि चालल्यानंच उतरतं. दोन-तीन दिवसांत घरी सोडतात, पण लगेच चोपड्याला येऊ नका. पहिला आठवडा दवाखान्याच्या जवळ कुणा नातेवाइकांकडे राहा. घरी येताना गाडी तासा-तासाला थांबवून पाच मिनिटं चाला.

खाण्याचे टप्पे तुमचे आहारतज्ज्ञ देतील, त्यांचंच ऐका. साधारण असं असतं: सुरुवातीला गाळलेलं मुगाच्या डाळीचं पाणी, पातळ गाळलेलं ताक, नारळपाणी. मग दोनेक आठवडे दूध, ताक, प्रोटीन पावडर. त्यानंतर घोटलेलं वरण, कुस्करलेलं पनीर, उकडलेलं अंडं दह्यात मळून. मग मऊ मुगाचं धिरडं, बिनमिरचीचं, बिनतेलाचं भरीत. साधं जेवण दीड-दोन महिन्यांनी. भाकरी, विशेषतः कळण्याची, आणि मटण सगळ्यात शेवटी, आणि तेही घास तोंडात पातळ होईपर्यंत चावून. गरम पोळी आणि मऊ भात काहींना चिकटून बसतो, अडकल्यासारखं वाटतं. तसं झालं की थांबा, वरून पाणी ढकलू नका.

प्रथिनं दिवसाला ६० ते ८० ग्रॅम लागतात. आपण म्हणतो वरण खाल्लं की झालं, पण वाटीभर वरणात सहा-सात ग्रॅमच असतात. अंड्यात सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. तुमच्या घरी अंडं चालत नसेल तर पावडरीशिवाय पहिले महिने निभणं कठीण. ताटात प्रथिनं आधी, भाजी नंतर, भाकरी उरलेल्या जागेत.

शेवेबद्दल मला खास सांगायचंय. ऑपरेशननंतर मटणाचे चार तुकडे पोट गच्च भरतात, पण शेव, पापड, बिबडी तोंडात विरघळते आणि पोट भरल्याचं कळतच नाही. दुपारी टीव्हीसमोर बशीभर शेव अलगद जाते. आमरसाचं तेच, वाटीमागून वाटी सरळ खाली उतरते. दोन-तीन वर्षांनी ज्यांचं वजन परत चढतं, त्यांच्यातल्या कित्येकांनी फार जेवण केलेलं नसतं, असं विरघळणारं आणि पातळ गोड खाल्लेलं असतं. आखाजीला दोन चमचे रस घ्या, कानबाईच्या रोटांचा घासभर प्रसाद घ्या, त्यानं काही बिघडत नाही. घरात शेवेचा डबा मात्र समोर ठेवू नका.

गोळ्या आयुष्यभर आहेत: मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, लोह, कॅल्शियम, डी. कॅल्शियम आणि लोह एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन तास जाऊ द्या. पित्ताचे खडे होऊ नयेत म्हणून पहिले सहा महिने वेगळी गोळी देतात, ती महाग वाटली तरी सोडू नका. गावातल्या दवाखान्यात कशासाठीही गेलात तर आधी सांगा की जठराचं ऑपरेशन झालंय, दुखण्याची गोळी सर्जनना विचारल्याशिवाय नको. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी जठरात जखम होऊ शकते.

काही लक्षणांना वाट बघायची नाही. नाडी १२० च्या वर पळतेय, ताप, पोटात वाढत जाणारी कळ, धाप, पाण्याचा घोटही न टिकणं, एका पोटरीला सूज: यातलं काहीही दिसलं की रात्री दोन वाजताही सर्जनला फोन. शिवलेल्या जागेतून गळती शंभरात एखाद-दोघांनाच होते, पण ती गॅस समजून अंगावर काढली तर जिवावर बेतते. डिस्चार्ज कार्डाचा फोटो नवऱ्याच्या आणि दिराच्या, दोघांच्या फोनमध्ये हवा. आणि उलट्या आठवडाभर चालूच असतील तर बी-१ जीवनसत्त्वाची कमतरता होऊन मेंदूला, नसांना इजा होऊ शकते. सलाईन लावणाऱ्याला हे सांगा, कारण ग्लुकोजच्या बाटलीआधी बी-१ चं इंजेक्शन द्यावं लागतं.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतील. माझे पुंजकेच्या पुंजके कंगव्यात यायचे आणि मला रडू यायचं. प्रथिनं आणि लोह नीट असेल तर सहा-आठ महिन्यांनी परत येतात. चेहरा उतरतो आणि लोक "किती वाळली, काही आजार झाला का" विचारतात. तुम्ही ३४ च्या आहात म्हणून हेही लिहिते: वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. पण पहिलं वर्ष-दीड वर्ष गर्भारपण टाळायचं असतं, बाळाला पुरेसं पोषण मिळत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांशी ऑपरेशनच्या आधीच बोलून घ्या.

तुम्ही विचारलंय कामाला कधी लागता येईल. बसून करायचं काम दोन-तीन आठवड्यांत. पण हंडा, सिलिंडर, केळीचा घड, कडेवरचं मूल, पाच किलोच्या वरचं काहीही महिना-दीड महिना उचलायचं नाही. केळीच्या कापणीचे दिवस असतील तर मजूर आधीच सांगून ठेवा. वजनाचं म्हणाल तर स्लीव्हनंतर वर्ष-दीड वर्षात मूळ वजनाच्या साधारण पंचवीस ते तीस टक्के उतरतं, म्हणजे तुमचं ७८ ते ८४ किलोच्या आसपास येईल. कुणी ५५ चं आश्वासन देत असेल तर त्यांच्याकडून ऑपरेशन करून घेऊ नका.

एंडोस्कोपीचा रिपोर्ट आला की त्यात काय लिहिलंय ते इथेच खाली टाका. त्यावरून सर्जनना नेमकं काय विचारायचं ते आपण मिळून लिहू.